आई-बाबा, पैसे पाठवू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

काकूने माझं आवाहन घरच्या ग्रुपवर टाकलं आणि रात्री बाबा फोनवर फक्त 'बरं' म्हणाले. बाबांचं 'बरं' मला चांगलं कळतं. फोनवर आई रडते, मी चिडते आणि मुद्दा तसाच राहतो, म्हणून हे पत्र.

तर मुद्दा. मी नोकरी सोडली आहे. पाऊस ओसरला की झारखंडात जाऊन अभ्रक वेचणाऱ्या मुलांवर लघुपट करायचा आहे आणि त्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करते आहे. यंदा दिवाळीला घरी नसेन. आधी सांगितलं नाही ते मुद्दाम. सांगितलं असतं तर बाबांनी एफडी मोडली असती आणि आईने पाटल्या काढून दिल्या असत्या. मला दोन्ही नको आहे.

बाबा, तुम्ही कधी कुणाकडे पाच रुपये उसने मागितले नाहीत, आणि आता पोरगी चारचौघांत झोळी पसरते आहे, हे लागलंय तुम्हाला. पण ही भीक नाही हो, वर्गणी आहे. गल्लीतल्या गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन तुम्हीच फिरायचात ना? आणि विसर्जनानंतर पै-पैचा हिशेब फळ्यावर लावायचात. मीही लावणार आहे. कॅमेऱ्याचं भाडं किती, जेवणावर किती, सगळं. शिवाय हे काही माझ्या पिढीचं खूळ नाही. १९७६ सालचा 'मंथन' गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये काढून उभा केला होता. एका निर्मात्याकडे मी गेले होते. तो म्हणाला, शेवटी मुलगा शाळेत जाताना दाखवा, मग बघू. शंभर जणांनी थोडेथोडे दिले की शेवट कुणा एकाला विचारावा लागत नाही.

जागा तुमच्या ओळखीची आहे. झुमरी तलैया! विविध भारतीवर ज्या गावाच्या फर्माइशी ऐकून 'हे गाव खरंच आहे का गं?' असं तुम्ही आईला विचारायचात, तेच. कोडरमा जिल्ह्यात आहे. आई, आजोबांचं करायला आपण गयेला गेलो होतो ना, त्याच लोहमार्गावर पुढे. एकेकाळी अभ्रकाच्या पैशावर ते गाव श्रीमंत होतं, फर्माइशी पाठवणाऱ्यांत अभ्रकाचे व्यापारीही होते. १९८०च्या वनसंरक्षण कायद्यानंतर बऱ्याच खाणी कागदावर बंद झाल्या. पण जमिनीतलं अभ्रक संपलं नाही आणि लोकांची पोटंही तिथेच राहिली.

बाबा, जुनी इस्त्री उघडून तुम्ही मला आतली अभ्रकाची पट्टी दाखवली होती, आठवतं? नखाने तिचा पापुद्रा सोडवून दिलात, आणि मी दुपारभर तो डोळ्यांपुढे धरून अंगण पिवळं करून बघत बसले होते. तिथे त्याच्या तुकड्यांना 'ढिबरा' म्हणतात. बायका आणि मुलं हातोडी, टोपली घेऊन जातात, जुन्या खाणीच्या कडेला माणूस जेमतेम शिरेल एवढं भोक करतात आणि ढिबरा उकरतात. टेकू नाही, काही नाही. वरची माती बसली की संपलं. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत सात मुलं अशा खाणींत दगावल्याचं आणि ते दडपल्याचं बाहेर आलं. मूल गेलं तरी घरचे तक्रार करत नाहीत, कारण खाणच बेकायदा, उद्या तेवढंही बंद व्हायचं. आईच्या दम्यावर वैद्यांनी दिलेलं भस्म अभ्रकाचंच. मी लिपस्टिकच्या ज्या जाहिराती एडिट करत बसायचे, तसल्या चमकीतही ते असतं. मग मला ते काम करवेना, एवढंच.

आता तुमची काळजी. आई, मी कुठल्याही भोकात उतरणार नाही आणि एकाही मुलाला उतरवणार नाही. आम्ही उघड्या माळावर मातीची खोटी खाण बांधतोय, वरून मोकळी, कमरेइतकी. बालकलाकारांचेही नियम असतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावे बँकेत मुदत ठेव. बालमजुरीवर फिल्म करायची आणि पोरांना रात्रीपर्यंत राबवायचं, हे मला जमणार नाही. त्यानेच खर्च वाढलाय, खरं सांगायचं तर.

राहायला तलैयात लॉज आहे, गरम पाण्याची बादली मिळते. बरोबर दोन मुली आहेत. सकाळी सत्तू, रात्री लिट्टी-चोखा, पोट बिघडेल असं काही नाही. तरी मेतकूट घेऊन जाईन. स्वेटरही. घरभाड्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. झोपायच्या आधी मिस्ड कॉल देईन, नाही आला तर रेंज नाही असं समजायचं, लगेच मामाला फोन करायचा नाही.

आणि आता माझं ऐका. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी असणार आहे. शूटिंग त्यानंतरचंच ठरवलंय, तेव्हा 'पोरीचं काम अडेल' म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही. बाबा, स्टुलावर चढून माळ्यावरची आकाशकंदिलाची खोकी काढायची नाहीत, शेजारच्या मुलाला सांगितलंय. आई, चकल्या विकत आण. तुझा खांदा दुखत असताना सोऱ्या फिरवलास तर मला कळेल, काकू सगळं सांगते. तुझ्या चकल्यांची सर त्यांना नाही, माहीत आहे. डिसेंबरात येईन तेव्हा माझ्यापुरत्या चार कर, सोऱ्या मी फिरवीन.

बाबा, मोठी रक्कम आली तर परत पाठवीन. १०१ रुपये चालतील, गणपतीला द्यायचात तेवढेच. पावती मिळेल. शेवटच्या नामावलीत तुमची नावं कशी लिहायची ते कळवा. आईचं आधी येईल, त्यावर वाद नको.

तुमची,
मनू

ता. क. साखरेच्या तपासणीचा माणूस सोमवारी सकाळी सातला येईल. त्याच्या आधी चहा घ्यायचा नाही, 'बिनसाखरेचा' म्हणूनसुद्धा नाही.