लढत थांबवणारा प्रशिक्षक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुष्टियुद्धाच्या प्रशिक्षकाविषयी आपल्याकडे जेव्हा छापून येते, तेव्हा त्याच्या शिष्यांनी किती पदके आणि किताब मिळवले याचाच हिशेब प्रामुख्याने मांडला जातो. अमेरिकेचे फ्रेडी रोच यांच्या बाबतीत तो मांडणे अगदी सोपे आहे. आठ वजनगटांत जगज्जेता ठरलेला फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ, ब्रिटनचा आमिर खान आणि पोर्तो रिकोचा मिगेल कोट्टो हे त्यांच्या हाताखाली लढले. अमेरिकेतील मुष्टियुद्ध-पत्रकारांच्या संघटनेने त्यांना सात वेळा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले आणि २०१२ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. पण त्यांच्या आयुष्यातील खरी शिकवण या यादीबाहेर आहे आणि मुलांना रिंगमध्ये उतरवणाऱ्या आपल्याकडील पालकांनी ती जाणून घ्यावी, म्हणून हे पत्र.

बोस्टनजवळच्या डेडहॅम येथे १९६० मध्ये जन्मलेल्या रोच यांना वडिलांनी, जे स्वतः मुष्टियोद्धे होते, लहानपणीच या खेळात घातले. १९७८ मध्ये ते व्यावसायिक झाले आणि लास व्हेगासला एडी फच यांच्याकडे शिकू लागले. ठोसे खात पुढे सरकत राहणे ही त्यांची लढण्याची रीत होती. प्रेक्षकांना ती आवडे आणि शरीराला ती महाग पडे. हाताला कंप सुटू लागल्याची चिन्हे दिसताच फच यांनी त्यांना निवृत्त व्हायला सांगितले. रोच यांनी ऐकले नाही. फच बाजूला झाले, रिंगच्या कोपऱ्यात, म्हणजे प्रशिक्षकाच्या जागी, वडील उभे राहिले आणि पुढच्या बहुतेक लढती रोच हरले. १९८६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते थांबले. काही वर्षांनी त्यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. त्या अखेरच्या लढती टाळल्या असत्या तर काय झाले असते, याचे उत्तर कोणी खात्रीने देऊ शकणार नाही; रोच स्वतः मात्र आजाराचा संबंध त्या लढतींशीच जोडतात.

हे फच कोण, हेही सांगायला हवे, कारण लढत थांबवण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका अधिकार क्वचितच कोणाला असेल. हृदयातील दोषामुळे त्यांना स्वतःला व्यावसायिक मुष्टियोद्धा होता आले नाही. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात मोहम्मद अली आणि ज्यो फ्रेझियर यांची तिसरी लढत झाली, तेव्हा फ्रेझियरच्या कोपऱ्यात तेच होते. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती, फ्रेझियरला नीट दिसत नव्हते आणि तरी तो लढायला उठू पाहत होता. फच यांनी त्याला उठू दिले नाही. जगज्जेतेपद हातचे गेले. फ्रेझियर मात्र त्यानंतर छत्तीस वर्षे जगला.

निवृत्तीनंतर किरकोळ नोकऱ्या करून पाहिलेले रोच अखेर याच फच यांच्याकडे परतले आणि त्यांचे मदतनीस म्हणून प्रशिक्षणाची विद्या शिकले. १९९५ मध्ये हॉलिवूडमध्ये त्यांनी ‘वाइल्ड कार्ड’ ही व्यायामशाळा काढली. तिथे २००१ मध्ये पॅकियाओ आला. त्याची सारी भिस्त डाव्या हातावर होती. रोच यांनी वर्षानुवर्षे पॅड हातात धरून त्याचा उजवा हात तितकाच धारदार केला.

याच पॅकियाओने पुढे रोच यांना त्यांच्या गुरूच्या जागी आणून उभे केले. जुलै २०१७ मध्ये ब्रिस्बेनला तो जेफ हॉर्नकडून हरल्यावर, आता निवृत्तीचा विचार करावा, असे रोच यांनी जाहीरपणे सुचवले. पुढच्या वर्षी क्वालालंपूरच्या लढतीला पॅकियाओ रोच यांना वगळूनच उतरला आणि जिंकला. नंतर दोघे पुन्हा एकत्र आले, आणि २०१९ मध्ये चाळिशीतल्या पॅकियाओने कीथ थर्मनला हरवले. म्हणजे निकाल पाहिले तर गुरूचा अंदाज चुकला होता. तरीही तो सल्ला योग्यच होता, असे मी म्हणेन. मेंदूला बसलेल्या माराची किंमत पुढच्या दोन वर्षांच्या निकालांवरून ठरत नाही, हे रोच यांच्या थरथरत्या हातांइतके आणखी कोणाला कळणार?

आपल्याकडे १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी मुष्टियुद्धाचे ओ. पी. भारद्वाज यांचा त्याने गौरव झाला. प्रशिक्षकांची कदर होऊ लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती शिष्यांच्या पदकांवर होत असेल, तर हरणाऱ्या मुलाची लढत वेळीच सोडून देणाऱ्या प्रशिक्षकाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही; उलट त्याला घाबरट म्हणायला जिल्हा पातळीवरचे प्रेक्षक, आणि कधीकधी मुलाचे पालकही, मागेपुढे पाहत नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून डोक्याचे संरक्षक कवच काढून टाकल्यापासून कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाची जबाबदारी वाढलीच आहे.

आपल्या दैनिकाकडून एक साधी अपेक्षा आहे. स्पर्धांचे निकाल छापताना एखाद्या प्रशिक्षकाने टॉवेल टाकून लढत थांबवली असेल, तर ‘प्रतिस्पर्ध्यापुढे शरणागती’ असा मथळा देऊ नये. त्या प्रशिक्षकाचे नाव द्यावे आणि कोणत्या फेरीत, काय पाहून त्याने हा निर्णय घेतला, हे त्याला विचारून दोन ओळींत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली