व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या हृदयाचंही सांगा

संपादक महोदय,

व्हेंटिलेटर लावला की नातेवाईकांना वाटतं आता मशीन श्वास बघतंय, पेशंट सेफ. पण नळी टाकल्यावर काही मिनिटांतच बीपी धाडकन खाली येऊ शकतं आणि मग ‘मशीननेच बिघडवलं’ म्हणून बाहेर गोंधळ. हे आधीच समजावून सांगायला हवं हो! आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होऊन रक्त हृदयाकडे ओढलं जातं, मशीन हवा आत ढकलतं त्यामुळे दाब वाढतो आणि परत येणारं रक्त कमी होतं, वरून झोपेच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यात ऑक्सिजन कमी असला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मात्र आवळतात, आणि हृदयाचा उजवा खालचा कप्पा, ज्याची भिंत मुळात पातळ, तो फुगून थकतो. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून त्यांत पाणी भरतं त्या गंभीर आजारात, उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे दर श्वासाला साधारण ६ मिलीच हवा देतात, २००० सालच्या मोठ्या ट्रायलपासून हे रुजलं, ते फुप्फुस जपायला, पण पालथं झोपवण्यासारखाच त्याचा उजव्या हृदयालाही फायदा होतो.

नातेवाईकांना रोज नुसता ऑक्सिजनचा आकडा सांगतात. बीपी किती औषधावर टिकलंय, लघवी होतेय का, हातपाय गार आहेत का, इकोत उजवी बाजू कशी दिसली, हेही सांगा ना प्लीज.

– एक वाचक