गर्भातल्या बाळासाठी प्रार्थना करणाऱ्या शाळेने मुलीच्या हातात दाखला देऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधल्या धार्मिक उपक्रमांवर आपल्या पत्रव्यवहारात सध्या चर्चा चालू आहे. ‘नववी-दहावीच्या मुलींनी अभ्यास करावा, गर्भपातासारख्या विषयात पडू नये’ असे एका वाचकाने लिहिले आहे. ज्या मुलींना हा सल्ला दिला आहे, त्यांतली एक माझ्या घरात आहे.

मी वसईची, कॅथलिक. परिचारिका आहे. माझी बहुतेक नोकरी सरकारी रुग्णालयांच्या लेबर रूममध्ये गेली, त्यातली काही वर्षे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला. माझी लेक नववीत शिकते. गेल्या वर्षी तिला दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करण्याचे) संस्कार मिळाले. त्याच्या तयारीच्या वर्गात गर्भातल्या जीवाच्या रक्षणावर एक सत्र झाले आणि तेव्हापासून हा विषय तिने धरून ठेवला आहे. रोज संध्याकाळच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, दहा मण्यांचा एक भाग ती न जन्मलेल्या बाळांसाठी म्हणते. गणवेशावर इवल्या पावलांची पिन लावते. दहा आठवड्यांच्या गर्भाची पावले तेवढी असतात, असे ती विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

जुलैत तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मुख्याध्यापिका सिस्टरांची परवानगी काढून व्हरांड्यातला फळा मागून घेतला. १९७१ साली १० ऑगस्टला वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या तारखेसाठी मुलींनी आठवड्यागणिक बाळाची वाढ दाखवणारा तक्ता काढला. रक्तामांसाची छायाचित्रे एकीने मोबाइलवर शोधून ठेवली होती. माझ्या मुलीने ती लावू दिली नाहीत. पाचवीची पोरे तिथूनच पाणी प्यायला जातात, असे तिचे म्हणणे. मधल्या सुट्टीत फळ्यापाशी पाच मिनिटे प्रार्थना होते. चौघींतली एक हिंदू आहे, ती प्रार्थनेच्या वेळी हात जोडून शेजारी उभी राहते.

हे सगळे मला योग्य वाटते. केरळातल्या तीन भावंडांनी धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गायला नकार दिला, ती नुसती आदराने उभी राहिली आणि शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांना शाळेत परत घ्यायला लावले. शाळकरी मुलालाही सदसद्विवेक असतो, हे या देशात तेव्हाच मान्य झाले आहे. चौदा वर्षांच्या मुलीला आपले मत असू नये, असे म्हणणाऱ्यांनी कधी चौदा वर्षांच्या मुलीशी नीट बोलून पाहावे.

पण पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. फळा वाचून दहावीतल्या एका मुलीने माझ्या लेकीला सर्वांसमोर विचारले, “मग त्या ताईला दाखला का दिला गं? तिच्या पोटातलं बाळ नव्हतं का?”

त्या ताईबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीला दिवस गेले की कायद्याच्या दृष्टीने तो लैंगिक गुन्हाच असतो, मग मुलगी काहीही म्हणो. २०१२ च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार अशा मुलीची ओळख पटेल असे काही, अगदी शाळेचे नावसुद्धा, छापता येत नाही. म्हणून शाळेचे नाव देत नाही, आणि तुम्हीही शोधू नये. पालकांना बोलावले, ‘बाकीच्या मुलींवर परिणाम होतो’ म्हणून सांगितले, शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा द्या’ असा सल्ला दिला, एवढे पुरे. ही गोष्ट एका शाळेची म्हणून मी सांगत नाही. नोकरीत असताना वेगवेगळ्या गावांतल्या मुलींच्या आयांकडून हेच, जवळजवळ याच शब्दांत, मी ऐकले आहे.

लेक त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. रात्री मला विचारले, “आई, शाळेतून काढल्यावर ती बाळ ठेवूच कशी शकेल?” वॉर्डात कळलेले मी घरात बोलत नाही, तिलाही बोलले नाही. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मी लेबर रूममध्ये पाहिलेले आहे. पाचवा महिना संपेपर्यंत पोट ओढणीखाली लपवणारी पोर मी पाहिली आहे. ती आधी का आली नाही, असे डॉक्टर रागावून विचारतात. ती येत नाही, कारण घरच्यांना कळेल आणि शाळेला कळेल. बापाच्या माराइतकीच भीती तिला दाखल्याची असते. ज्या घरात ती दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी आहे, तिथे तर जास्तच. अशा मुलीला गावातली बाई एखादी गोळी आणून देते आणि दोन्ही जीव धोक्यात येतात.

हे फार थोड्या मुलींचे दुखणे आहे, असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. लग्न लावून दिलेल्या मुलींचा दाखला तर कोणी न मागताच तयार असतो.

चौघींनी मिळून मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. अर्जात त्यांनी मागितले आहे ते असे: कोणत्याही मुलीला गरोदरपणामुळे दाखला दिला जाणार नाही, असे शाळेने लेखी द्यावे. तिची गैरहजेरी आजारपणासारखी धरावी. एक बाई नेमाव्यात, ज्यांच्याकडे मुलगी घाबरल्यावर जाऊ शकेल आणि ज्या ते शिक्षकखोलीत बोलणार नाहीत. बाळंतपणानंतर तिला त्याच वर्गात, त्याच बाकावर परत घ्यावे. आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने लावावा, कारण तिथे तो कोणी पाहत नसताना उतरवून घेता येतो. ही शेवटची मागणी वाचून मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही.

तक्त्याचे कौतुक झाले होते, पालकसभेत टाळ्याही पडल्या होत्या. अर्जाला उत्तर मिळाले ते असे: “तुम्ही मुलींनी प्रार्थना करा, बाकीचं आमच्यावर सोडा. असं लेखी दिलं तर शाळेचं नाव काय होईल?”

शिक्षण हक्काचा कायदा शाळेला इथे अडवत नाही, हेही वाचकांना माहीत असावे. २००९ च्या या कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववी-दहावीची मुलगी त्याबाहेर राहते. शिवाय अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. म्हणजे आमच्या ख्रिस्ती शाळांपुरता हा प्रश्न आमच्या श्रद्धेवर येऊन थांबतो. गर्भ राहिल्या क्षणापासून जीवन पवित्र आहे, अशी आमच्या ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण आहे. मी ती मानते. मग ते पवित्र जीवन जिच्या पोटात आहे, तिला फाटकाबाहेर काढणे कोणत्या शिकवणीत बसते? गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये जगातल्या सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. एवढे दार उघडलेले असताना शाळेचे फाटक बंद ठेवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

माझे आणि लेकीचे सगळे पटते असे नाही. २०१७ मध्ये चंदिगडच्या दहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार होऊन ती गरोदर राहिली. दिवस फार भरल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला परवानगी नाकारली आणि ऑगस्टमध्ये सिझेरियनने तिला मुलगी झाली. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या तेरा वर्षांच्या मुलीला मात्र त्याच न्यायालयाने परवानगी दिली. जन्मलेले बाळ दोन दिवसांत गेले. दोन्ही हकिकती मी लेकीला सांगितल्या. इतक्या लहान शरीराला बाळंतपण काय करते, तेही सांगितले. अशा पोरीपुढे कायद्याने दार बंद ठेवू नये, असे मला वाटते. मुलगी आणि बाळ दोघेही जगायला हवे होते, असे लेक रडत म्हणत राहिली. तिचे मत बदलले नाही आणि मी ते बदलायला बसलेही नव्हते. तिने खरी माहिती घेऊन बोलावे, एवढाच माझा आग्रह आहे. आज बलात्कारपीडित आणि अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायदेशीर मुभा आहे. मूल वाढवता येत नसेल तर बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक आहेत. तिच्या वर्गातल्या किती मुलींना ठाऊक असतील? ज्या मुलीला दुसरा मार्ग आहे हेच कळलेले नाही, तिने बाळ ठेवावे अशी अपेक्षा तरी कशी करायची?

‘अशी मुलगी वर्गात बसली तर बाकीच्या बिघडतील’ असे म्हणणाऱ्या पालकांना मी एवढेच विचारीन: तिला त्या अवस्थेत आणणारा पुरुष कुठे आहे? तो बहुधा नात्यातला असतो, शेजारचा असतो, आणि त्याला कोणी दाखला देत नाही.

अर्ज आता कार्यालयात आवक क्रमांकासह नोंदवून दिला आहे. शाळा समितीची बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी आहे. असा लेखी नियम ज्या शाळेने केला असेल, मग ती कोणत्याही धर्माच्या संस्थेची असो वा जिल्हा परिषदेची, तिच्या मुख्याध्यापकांनी कृपया याच सदरात त्याचा मजकूर कळवावा. चौघींना तो बैठकीपुढे ठेवायचा आहे.

आपली,
एक परिचारिका, वसई
(मुलगी अल्पवयीन असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)