सहावे युनिक्स चालवताना गाडी अडते कुठे?

मा. संपादक,

ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय फळ्यावर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने युनिक्सची सहावी आवृत्ती (१९७५) स्वतः चालवून पाहिली पाहिजे. तिचे कर्नल (यंत्रणेचा गाभा) जेमतेम नऊ हजार ओळींचे आहे, एका सत्रात वाचून होते. २००२ मध्ये युनिक्सचे हक्क असलेल्या कॅल्डेरा कंपनीने या आवृत्तीचा परवाना खुला केला. ती ज्यावर चालायची त्या पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरचे काम सिमएच हा मोफत सिम्युलेटर करतो. तरी पहिल्याच तासात अनेकांचा धीर सुटतो, म्हणून हे पत्र.

सिमएच कम्पाइल करणे सोपे आहे. लिनक्सवर गिट, जीसीसी आणि मेक ही साधने पुरतात. सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘मेक पीडीपी११’ द्यावे. नुसते ‘मेक’ दिले तर सगळीच यंत्रे बांधली जातात. नेटवर्क लायब्ररी नसल्याची सूचना आली तरी थांबू नये, या युनिक्सला ती लागतच नाही.

घोटाळा होतो तो पुढे. काही सांगितले नाही तर सिमएच पीडीपी-११ चे ११/७३ हे मॉडेल गृहीत धरतो. ते क्यू-बस या वेगळ्या जोडणीचे, बऱ्याच नंतरचे यंत्र. सहावी आवृत्ती ११/४०, ११/४५ आणि ११/७० साठी लिहिलेली आहे. त्यामुळे सिमएचच्या कॉन्फिगरेशन फाइलची पहिली ओळ ‘सेट सीपीयू ११/४०’ हीच हवी, डिस्क त्यानंतर जोडावी. ‘सेट सीपीयू आयडल’ विसरलात तर रिकामे बसलेले युनिक्सही तुमच्या लॅपटॉपचा एक अख्खा कोर खाते.

युनिक्स ज्यावर असते त्या आरके०५ डिस्कमध्ये ४,८७२ ब्लॉक, म्हणजे २४,९४,४६४ बाइट असतात. तिची प्रतिमा असलेली डिस्क-फाइल त्याहून मोठी दिसली तर सावध व्हावे. सिमएचच्या काही आवृत्त्या डिस्क-फाइलच्या शेवटी स्वतःची नोंद चिकटवतात. अशी नोंद चिकटवावी का, या वादातून २०२२ मध्ये ओपन सिमएच हा प्रकल्प वेगळा झाला. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवावी.

‘बूट आरके०’ दिल्यावर @ दिसतो, तिथे ‘युनिक्स’ टाइप करावे. लॉगिन लहान अक्षरांतच करावे, मोठी दिली तर टर्मिनलला लहान अक्षरे येतच नाहीत असे युनिक्स समजते. बॅकस्पेस चालत नाही: # ने एक अक्षर खोडले जाते, @ ने पूर्ण ओळ. फोल्डर बदलण्याची ‘सीडी’ आज्ञाही नाही, ‘सीएचडीआयआर’ लिहावे लागते.

बंद करताना कंट्रोल-ई दाबले की यंत्र जागच्या जागी थांबते आणि बफरमधला (मेमरीत तात्पुरता साठलेला) मजकूर डिस्कवर पोचत नाही. आधी तो मजकूर डिस्कवर लिहिणारी ‘सिंक’ ही आज्ञा दोन-तीनदा द्यावी, मगच कंट्रोल-ई.

— संगणक-इतिहासाचे अभ्यासक, पुणे