माईक गावाचा आहे, कोणाच्या पोट्ट्याची अब्रू काढायला नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडे सप्ताह बसला की सगळं गाव वर्गणी देते, मीबी देतो, कथा ऐकायला आवडते म्हणून देतो. पण यंदा महाराज कृष्णजन्म सोडून भलतीकडंच घसरले, "पोट्टे पोट्ट्यासंग राहून राहिले, कोर्टानं मोकळं सोडलं, धर्म बुडाला". मंडपातली अर्धी माणसं मान वळवून एकाच बाईकडं पाहत होती. तिचा पोरगा पुण्याला नोकरीवर, तिशी उलटली, लग्नाला नाही म्हणते, बस एवढंच. माय बिचारी सकाळपासून महाप्रसादाची वांगी चिरत होती, पंगतीला बसलीच नाही.

महाराजांना धर्म सांगायचा हक्क घटनेच्या कलम 25 नं दिला, कोणी काढून नाही घेत. त्याच घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा अन् स्वातंत्र्याचा हक्क, त्या पोट्ट्यालाबी लागू आहे ना? 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं संग असली तर तो गुन्हा नाही. 2009 ला दिल्ली हायकोर्टानं हेच म्हटलं होतं, तर त्याच्याविरुद्ध अपिलात एक ज्योतिषी गेले, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड गेलं, चर्चवालेबी गेले. एरवी एकमेकाच्या मिरवणुकीचा डीजे खपत नाही, इथं मात्र बरी एकी झाली!

आता काही शहाणे म्हणतात लग्न लावून द्या, पोट्टा सुधरते. काय सुधरते डोंबल? एखाद्या कास्तकाराची पोरगी, बापानं बोंडअळीतून वाचलेला कापूस विकून, वरून सावकाराचे उचलून लग्न केलेलं, ती वर्षभरात माहेरी येऊन बसते अन् गाव तिलाच वांझ म्हणते. त्या पोरीचा विचार कोणत्या कथेत येते ते मले सांगा.

अन् कोर्टानं पोट्ट्या-पोट्ट्याच्या लग्नाला मान्यता देऊन टाकली ही बोंब खोटी आहे. 17 ऑक्टोबर 2023 ला कोर्टानं नाहीच म्हटलं, कायदा करायचा तर संसदेनं करावा. हां, 2024 ला केंद्रानं राज्यांना एक कळवलं, असे जोडीदार रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा. हे गावात कोणाला माहीत नाही, रेशन दुकानदाराला तर नाहीच. तेवढं तुम्ही छापा, अन् पुरवठावाल्यांनी दुकानाच्या फळ्यावर लावावं.

एक वाचक, जि. यवतमाळ