विशेष भत्त्याचे दर सहामाही सुरू होण्याआधी जाहीर करा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांचे पगार मी करते. नवे वर्ष लागले की पगाराच्या सॉफ्टवेअरमधले दर तपासून घ्यावे लागतात. त्यातले बहुतेक आधीच ठाऊक असतात. व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, महिलांना 25,000 रुपये पगारापर्यंत माफी. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कामगाराकडून पगाराच्या 0.75 टक्के, मालकाकडून 3.25. आयकरातले बदल 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात कळतात आणि 1 एप्रिलपासून लागू होतात, म्हणजे तयारीला दोन महिने मिळतात.

अडते ते किमान वेतनावरच्या विशेष भत्त्यापाशी. महागाईनुसार ठरणारा हा भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून बदलतो. जानेवारीचा दर आधीच्या जुलै ते डिसेंबर या महिन्यांच्या महागाईच्या निर्देशांकाच्या सरासरीवर ठरतो, आणि डिसेंबरचा निर्देशांक हाती यायलाच जानेवारीची अखेर होते. किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्येही भत्ता जानेवारीच्या आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाहीर करावा असेच म्हटलेले असते. म्हणजे सगळे वेळेवर झाले तरी दर कळतो तेव्हा तो महिना संपत आलेला असतो, आणि पगार तर 7 तारखेपर्यंत द्यायचा असतो. प्रत्यक्षात परिपत्रक आणखी लांबते. मग जुन्या दराने पगार होतो आणि फरक पुढच्या महिन्यांत काढला जातो.

फरक काढणे म्हणजे नुसती वजाबाकी नव्हे. मूळ वेतन आणि भत्ता बदलला की पीएफ बदलतो, थकबाकीचे विवरण वेगळे भरावे लागते. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो, त्यामुळे प्रत्येकाचे जादा तास पुन्हा मांडावे लागतात. ईएसआय, बोनसचा हिशेब, सगळे त्याच्या मागोमाग येते. हे काम आम्ही करतो, करत राहू. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती मधल्या काळात काम सोडून गेलेल्या माणसाबद्दल. फाउंड्रीत ठेकेदाराकडची माणसे टिकत नाहीत. जानेवारीभर भट्टीपुढे राबलेला माणूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला गावी जातो, फोन नंबर बदलतो, कधी बँक खातेही बंद पडते. त्याचा फरक कागदावर निघतो, त्याच्या हातात पडत नाही. रक्कम काहीशेच्या घरात असेल, पण ती त्याच्या घामाची आहे आणि ती मागायची असते हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. नव्या वेतन संहितेनुसार काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. दरच जाहीर नसेल तर तो हिशेब बरोबर कसा होणार?

उपाय केंद्र सरकारच्या पद्धतीतच आहे. केंद्राच्या किमान वेतनावरचा महागाई भत्ता 1 एप्रिलला बदलतो तो जुलै ते डिसेंबरच्या सरासरीवर, आणि 1 ऑक्टोबरला बदलतो तो जानेवारी ते जूनच्या. मधले तीन महिने आकडे येण्यासाठी मोकळे राहतात. महाराष्ट्राने तारखा बदलण्याचीही गरज नाही. जानेवारीसाठी मे ते ऑक्टोबरची सरासरी धरावी, जुलैसाठी नोव्हेंबर ते एप्रिलची. ऑक्टोबरचा निर्देशांक नोव्हेंबरअखेर मिळतो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर सहज जाहीर होऊ शकतात.

यात कामगाराच्या बाजूने एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: महागाईची वाढ दोन महिने उशिरा पगारात उतरेल. म्हणून बदल करताना पहिल्या सहामाहीत जुन्या आणि नव्या पद्धतीतला जो दर जास्त असेल तो द्यावा. त्यापुढचा उशीर मला मान्य आहे, कारण आज वेळेवरचा म्हणवणारा दरही सोडून गेलेल्यांपर्यंत पोहोचतच नाही.

वेतन संहितेमुळे नियमांची घडी नव्याने बसवायची आहेच. त्यातच ही तरतूद करावी. आणि दर जाहीर करताना सगळे उद्योग, तिन्ही परिमंडळे (किमान वेतनासाठी पाडलेले राज्याचे भाग) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल हे वर्ग यांचा एकच तक्ता एकाच ठिकाणी, मराठीत द्यावा, कारखान्याच्या फलकावर जसाच्या तसा लावता येईल असा. आज तो तक्ता आमच्यासारख्यांना वेगवेगळ्या कागदांतून जुळवावा लागतो, आणि कामगाराला तर तो दिसतच नाही.

आपली,
पगाराचे काम पाहणारी एक लेखनिक
शिरोली, जि. कोल्हापूर