पावतीवर ट्यूशन फी वेगळी छापा

महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की जुळे सोलापुरापासून अक्कलकोट रोडपर्यंत घरोघरी फीची जुळवाजुळव सुरू होते. फी भरली की टॅक्स वाचतो, असे सगळेच सांगतात. पण आयकराच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पर्यायांपैकी जुन्या करप्रणालीतली, १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०सी ची फीवरची सवलत फक्त ट्यूशन फीला आहे, तीही दोन मुलांपर्यंत आणि भारतातल्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, बस, देणगी यातले काहीच धरत नाहीत. आमच्या हातात मात्र 'एकूण शुल्क' एवढ्या एकाच ओळीची पावती पडते. फोड मागितली तर काउंटरवरचे साहेब 'अकाउंटला विचारा' म्हणतात आणि अकाउंटवाले जेवायला गेलेले असतात! कॉलेजांनी फोड पावतीवरच छापावी, त्याला काय खर्च येतो?

त्यात ८०सी ची मर्यादा २०१४ पासून दीड लाखावरच थांबली आहे. त्याच मर्यादेत बसणाऱ्या पीएफ आणि एलआयसीतच ती संपते, फीला जागा उरते कुठे? पती-पत्नी दोघेही कर भरत असतील तर आपापल्या नावाने भरलेली फी दोघांना वेगवेगळी दाखवता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ८०ई ची वजावटही नाही. आणि ऑफिसला काही कळवले नाही तर पगारातून टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा कर) नव्या प्रणालीनेच कापला जातो. तेव्हा नोकरदार पालकांनी दोन्हीकडचा हिशेब विवरणपत्र भरण्याआधी मांडून पाहावा.

– एक पालक, सोलापूर